उरलेल्या उकडीचा इतिहास

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी सहा वर्षांची नात पुण्याहून रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या पिशवीत प्लास्टिकचे चार डबे होते. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा अशा चार रंगांचे मऊ गोळे. झाकणे नीट न लागल्यामुळे त्यांतले दोन प्रवासातच वाळून खडखडीत झाले होते. ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. नवा डबा आणणार कुठून? शेवटी सुनेने मोबाइलवर घरगुती कृती शोधून काढली. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तेल आणि थोडा लिंबाचा रस; सगळे एकत्र करून मंद आचेवर ढवळायचे. ढवळण्याचे काम माझ्याकडे आले. मिश्रण घट्ट होत कढईच्या कडा सोडू लागले, कालथा जड झाला, आणि माझा हात क्षणभर थांबला. ही कृती मला येत होती. गरम गोळा परातीत काढून, हाताला तेल लावून मी तो मळायला घेतला आणि सुनेला म्हटले, "अगं, ही तर उकडच!"

माझी तेहतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. लढाया, तह, सनावळ्या शिकवल्या. पण मुलाच्या हातात खेळायला जो पिठाचा किंवा मातीचा गोळा येतो, तो कुठून आला, कुणी दिला, खेळून झाल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी परातीसमोर तो पडला. पुढचे वर्षभर मी त्याच्या मागे होते. हाती लागले ते इथे मांडते आहे.

उकडीचा उंडा

कोकणातल्या मुलाच्या हाती पहिला गोळा आला तो तांदळाचा. आमच्याकडे गव्हाची पोळी सणासुदीची. रोजचे अन्न म्हणजे भात आणि तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन नसते. गव्हाची कणीक गार पाण्यात भिजवून तिंबली तरी ताणली जाते. तांदळाची पिठी तशी भिजवली तर फुटते. तिला आकार द्यायचा तर आधी उकड काढावी लागते. पाण्याला आधण आणायचे, त्यात चिमूटभर मीठ आणि तूप किंवा तेल घालायचे, पिठी घालून ढवळायचे, झाकण ठेवून वाफ आणायची आणि गरम असतानाच मळायचे. उष्णतेने पिठीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि ग्लुटेन जे काम करते ते थोड्या वेळापुरते हा फुगलेला स्टार्च करतो. उकड गार झाली की तो पुन्हा आखडतो आणि गोळ्याला तडे जातात. म्हणून मोदक वळणारी बाई गप्पा मारील, पण हात थांबवणार नाही.

हे शास्त्र माझ्या आजीला ठाऊक नव्हते. तडा कधी जातो ते मात्र पक्के ठाऊक होते. गणपतीच्या दिवशी एकवीस मोदक वळून झाले की परातीत थोडी उकड उरायची. तिच्यात हिरवी मिरची आणि जिरे वाटून घालून निवगऱ्या करायच्या हा ठरलेला रिवाज. मिरची पडण्याआधी आजी त्या उकडीतून लिंबाएवढा उंडा तोडून माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "खेळ हो, पण सांडायचं नाही काही."

मला त्या उंड्याचा हत्ती करायचा असे. सोंड आधी तुटायची, कारण सगळ्यात बारीक भाग सगळ्यात आधी गार होतो. मग हत्तीचे डुक्कर, डुकराची पणती आणि पणतीची पारी व्हायची. पारी झाली की आजी शेजारी बसून दाखवायची: अंगठा आत, दोन बोटे बाहेर, अशी कळी काढायची. म्हणजे खेळ फिरून स्वयंपाकावरच यायचा. हातांच्या मळाने काळा झालेला उंडा गोठ्यात गाईपुढे जायचा, आणि बरा असला तर निवगऱ्यांबरोबर चाळणीत वाफवून मलाच खायला मिळायचा.

या खेळातला एक प्रसंग मी कित्येक वर्षे विसरून गेले होते. साल १९६६. देशात लागोपाठ दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला होता आणि तांदूळ रेशनवर मोजून मिळत होता. आमच्याकडे भात सडायला एक बाई येत. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, म्हणजे आठ वर्षांची. पडवीत बसून ती माझ्या हत्तीकडे बघत होती. मी उदार होऊन अर्धा उंडा तिला दिला. तिने चिमणी केली. माझ्या हत्तीपेक्षा कितीतरी सुबक, चोच आणि शेपूट असलेली. मग तिने मला विचारले, "ह्यो खायाचा नाय?" मी म्हटले, "नाही, खेळायचा." तिने चिमणीकडे एकदा पाहिले आणि ती खाऊन टाकली. मी रडत आत गेले आणि तिची तक्रार केली. आजीने मला जवळ घेतले नाही. तिने निवगऱ्यांची सगळी चाळणीच त्या मुलीपुढे नेऊन ठेवली.

पिठाच्या गोळ्याचा इतिहास लिहायचा तर तो या प्रश्नापासून सुरू करावा लागतो. हे खायचे की खेळायचे, हे ठरवण्याची मोकळीक कुणाला होती?

वर्षाचे गोळे

आपल्या पंचांगात पिठा-मातीला आकार देण्याचे दिवस इतके आहेत की लहान मुलाला वर्षभर वेगळा खेळ नेमून द्यायची गरजच नव्हती. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या आवसेला, कणकेचे गोड दिवे उकडायचे. त्यांना वात ठेवायला चोच काढावी लागते आणि ती चोच मुलांकडून काढून घेत. नागपंचमीला मातीचा नाग. त्याच दिवशी हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापून पातोळ्या होतात; वाफवल्यावर पान सोलले की त्याच्या सगळ्या शिरा पिठावर उमटलेल्या दिसतात. मी पाहिलेला तो पहिला छाप. श्रावणी अमावास्येच्या पिठोरीचे तर नावच पिठावरून पडले आहे. चौसष्ट योगिनींचे हे पूजन आता बहुतेक घरांत छापील चित्रावर भागते, पण व्रताचे नाव मूळ साहित्याची आठवण धरून आहे. त्या दिवशी आई वाण हातात घेऊन "अतिथी कोण?" असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल "मी" म्हणते. हरितालिकेला वाळूची पिंडी. मग गणपती. पुढे दिवाळीत करंज्यांच्या कातणाने निघालेल्या पिठाच्या फिती, आणि पाडव्याला दक्षिण कोकणात शेणाचा लहानसा गोठा. त्या गोठ्यात आम्ही कारिटांना चार-चार काड्या टोचून गाईबैल उभे करत असू.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. यातला एकही गोळा मुलासाठी मळलेला नाही. तो देवासाठी, पितरांसाठी किंवा जेवणासाठी मळलेला आहे. मुलाला मिळते ते त्यातले उरलेले, किंवा त्या कामातला एखादा सोपा तुकडा. आणि यातले काहीही टिकत नाही. दिवा खाल्ला जातो, पिंडी आणि गणपती पाण्यात जातात, गोठा खतात जातो.

ही वाटणी सगळ्यांना सारखी मात्र नव्हती. माझ्या थोरल्या भावाला गोळा मिळायचा तो गणपतीच्या शाळेत. कोकणात मूर्ती घडवण्याच्या जागेला शाळा म्हणतात. आषाढापासूनच लोक आपापल्या घरचा पाट तिथे नेऊन ठेवतात आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी आणतात. पाऊस, ओल्या मातीचा वास, कंदिलाचा उजेड, आणि कोपऱ्यात मुलगे. मूर्तिकार त्यांना मूठभर माती देत आणि उंदीर करायला सांगत. उंदीर जमला की तो खरोखरच एखाद्या गणपतीच्या पायाशी बसे. एके वर्षी माझ्या भावाचा उंदीर आमच्याच गणपतीपुढे बसला आणि त्याने तो आळीभर मिरवला. मी ओट्याखाली उभी राहून पाहत असे. मुलींनी वर चढायचे नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नसे. ते ठाऊकच असे. आज पेणच्या कारखान्यांत कितीतरी स्त्रिया मूर्तिकामात आहेत. माझ्या लहानपणी मात्र मातीचा गोळा भावाचा आणि पिठाचा माझा होता. त्याच्या गोळ्यातून मूर्तिकार निघू शकत होता. माझ्या गोळ्यातून पोळी निघायची होती आणि ती भारताच्या नकाशासारखी झाली की घरात हशा पिकायचा होता.

असा मूर्तिकार खरोखर निघालाही आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे अशाच वातावरणात वाढले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने करमरकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याचे अनावरण १९२८ साली झाले, तो त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांची शिल्पे पाहायला मिळतात. ती पाहताना त्यांच्या हातांबरोबर मला त्यांच्या गावच्या मुलींचेही हात आठवले. त्या हातांनी काय काय वळले असेल, याची नोंद कुठेच नाही.

कच्ची माती टिकत नाही

नोंद का नाही, याचे एक उत्तर साधे आहे. भाजलेली माती हजारो वर्षे टिकते. कच्ची माती विरघळते आणि पीठ खाल्ले जाते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची पेटी सापडली. आत कच्च्या मातीची, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या मूर्तीला अभ्यासक देवी मानतात, आणि ते योग्यच असावे. मला विशेष वाटते ते तिच्या कच्चेपणाचे. ती राहिली कारण कुणीतरी तिला पेटीत घालून पुरले. ज्यांना कुणी पुरले नाही असे बैल त्या घरांच्या अंगणांत किती झाले असतील, हे कुठलेही उत्खनन सांगू शकणार नाही.

साहित्यात मात्र मातीचे एक खेळणे अजरामर झाले आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून आले. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी प्रेक्षकाच्या घरचे झाले. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिली आहे आणि दासी रदनिकेने दिलेली मातीची गाडी त्याला नको आहे. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. शाळेत हा भाग सांगताना मी नेहमी वसंतसेनेच्या औदार्यावर थांबत असे. आता मला रदनिकेचे वाटते. घरात काही उरलेले नसताना रडणाऱ्या मुलाला काहीतरी द्यायचे, म्हणून ती माती हाताशी धरते.

कोसबाडच्या टेकडीवर

मुलाला गोळा मुद्दाम, त्याच्याचसाठी द्यायचा, हा विचार आपल्याकडे बालशिक्षणाबरोबर आला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली मुलांसाठी जी संस्था काढली, तिला पुढे त्याने किंडरगार्टन हे नाव दिले. त्याच्या पद्धतीतल्या हस्तव्यवसायांत मातीकाम होते. इटलीत मारिया माँटेसोरींनी १९०७ साली बालगृह सुरू केले. मातीच्या मुक्त खेळापेक्षा त्यांचा भर होता तो प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या कामावर: लहान भांडी घडवणे, चिमुकल्या विटा पाडणे, त्यांची भिंत बांधणे. उंदीर करायचा की वीट पाडायची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या आजीच्या परातीत हत्तीची पारी व्हायची, ती या वादातल्या दुसऱ्या बाजूला.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांच्या कामात सामील झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंना लवकरच एक अडचण दिसली. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती. ती शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपर्यंतच पोचत. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत न येणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा, म्हणून कुरणशाळा. साधने म्हणजे परिसरात फुकट मिळेल ते: बिया, पाने, शिंपले, खडे आणि माती.

या यादीत पीठ नाही, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ज्या मुलांच्या घरी वर्षातले काही महिने धान्यच नसते, त्यांच्या हातात खेळायला पीठ देणे ही त्यांची थट्टा झाली असती. माती कुणाच्या तोंडचा घास नाही. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगावच्या अंगणवाडीत पोषण आहार आणि खेळ दोन्ही आहेत, आणि ती दोन वेगळी कामे आहेत. आमच्या पडवीत १९६६ साली ती एकाच उंड्यात आली होती, आणि तिने खाऊन टाकलेल्या चिमणीवरून मी रडले होते.

मिठाची गोष्ट

आता पुन्हा त्या डब्यांकडे येते. विकतच्या गोळ्याचा जन्म दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तो मोठ्यांच्या कामातून झाला. इंग्लंडमधल्या बाथ शहरात विल्यम हार्बट हे कलाशिक्षक होते. शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती हवी, म्हणून त्यांनी १८९७ साली प्लॅस्टिसिन तयार केले; ते मुलांच्या हाती पडले आणि मुलांचेच झाले. दुसरी कथा अमेरिकेतल्या सिनसिनाटीची. तिथे कुटोल नावाची कंपनी भिंतीच्या कागदावरची काजळी पुसण्यासाठी मऊ गोळा बनवत असे. घरे कोळशाच्या शेगड्यांनी तापत तोवर त्याला मागणी होती. मग तेल आणि गॅस आले, धुता येणारे कागद आले, आणि धंदा बसला. १९५० च्या दशकात के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेने तो गोळा आपल्या वर्गातल्या मुलांना खेळायला दिला. मुले रंगली. १९५६ साली तो प्ले-डो या नावाने बाजारात आला. त्यात मुख्यतः होते पीठ, पाणी आणि मीठ. म्हणजे तिथेही मुलाला मिळाला तो मोठ्यांच्या कामातून उरलेलाच गोळा.

घरगुती कृतीतही मीठच निर्णायक आहे. उकडीत ते चिमूटभर असते, खेळाच्या गोळ्यात वाटीभर. त्या वाटीभर मिठामुळे बुरशी धरत नाही आणि झाकून ठेवला तर गोळा कित्येक दिवस टिकतो. त्याच मिठामुळे तो खाण्याच्या उपयोगाचा राहत नाही. मुलाने चाटला तर तोंड वाकडे करते, आणि घरातल्या कुत्र्याने तो खाल्ला तर इतक्या मिठाने ते गंभीर आजारी पडू शकते. तो गाईपुढे टाकता येत नाही, झाडाच्या बुंध्याशीही नाही. पिठाने स्वयंपाकघराची वेस ओलांडली ती मिठाच्या बळावर.

पण एवढे मीठ खेळात घालण्याइतके स्वस्त कधी झाले? इंग्रजी राजवटीत मिठावर कर होता, आणि ज्या समुद्राकाठी ते पिकते तिथल्या माणसालाही ते मोफत उचलण्याची मुभा नव्हती. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मीठ उचलले म्हणून माणसांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगला. हा कर अखेर रद्द झाला १९४७ साली. गव्हाचेही असेच. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू देशात येऊ लागला आणि साठच्या दशकात तो रेशनच्या दुकानांतून कोकणातल्या भातखाऊ घरांत शिरला. आमच्या घरी रोज पोळ्या होऊ लागल्या त्या तेव्हापासून. वाटीभर मीठ आणि दोन वाट्या मैदा मुलाच्या हातात सहज देता येणे, ही माझ्या आजीच्या आयुष्यात न बसणारी गोष्ट होती. मोबाइलवरच्या त्या चार ओळींच्या कृतीमागे एक सत्याग्रह आहे आणि एक दुष्काळ आहे.

म्हणून 'अन्नाशी खेळू नये' एवढे बोलून मला नातीचा गोळा काढून घ्यावासा वाटला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी तिला ही चैन मिळवून दिली आहे. ती तिने करावी. फक्त ही चैन आहे, हे तिला कळावे असे वाटले.

दोन पराती

त्या सुट्टीत आम्ही पुष्कळ खेळलो. डब्यांबरोबर आलेले साचे पहिल्याच दिवशी कपाटात गेले, कारण त्यांतून तोच तो तारा आणि तेच ते फूल निघे. स्वयंपाकघरात त्याहून चांगले साचे होते. शेवेच्या सोऱ्यातून गोळा दाबला की राक्षसाचे केस होतात, आणि चकलीची चकती लावली की काटेरी साप. करंजीच्या कातणाने किल्ल्याच्या तटाला कंगोरे येतात. फणसाच्या पानाच्या पाठीवर गोळा थापला की शिरा उमटतात, अगदी पातोळीसारख्या. भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांचे ठसे घेऊन नातीने एक लांब पट्टी केली आणि जाहीर केले की हा समुद्र आहे. नारळाच्या सोडणाने मेंढीच्या अंगावर लोकर आली.

रंग घरचेच घेतले: हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, आमसुलाचा तांबूस. हळदीच्या गोळ्यात चिमूटभर खायचा सोडा मळला तर तो तांबडा होऊ लागतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. तिने हे सतरा वेळा केले. तिच्या बापाने त्यात भर घातली. मिठामुळे या गोळ्यातून वीज वाहते. एका गोळ्याला बॅटरीचे एक टोक, दुसऱ्याला दुसरे, आणि मध्ये छोटा एलईडी टोचला की दिवा लागतो. दोन गोळे एकमेकांना चिकटले की विझतो. आमच्या आकाशकंदिलाशेजारी त्या दिवाळीत मिठाच्या पिठाचा एक राक्षस डोळे लुकलुकवत बसला होता. ही करामत माझ्या आजीच्या उकडीला जमली नसती.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी दोन पराती घेतल्या. एकीत मिठाचा गोळा, दुसरीत पिठीची उकड काढून लिंबाएवढा उंडा. नातीने विचारले, "आजी, यातला खेळायचा कुठला?" मी म्हटले, "दोन्ही. पण हा गार व्हायच्या आत करायचा, आणि मग खायचा." तिने उकडीचा हत्ती करायला घेतला. सोंड तुटली. मग हत्तीचा ससा झाला, सशाची पारी झाली आणि मी तिच्याशेजारी बसून अंगठा आत, दोन बोटे बाहेर असे दाखवले. तिच्या धाकट्या भावाला, चार वर्षांच्या नातवालाही, मी तसाच उंडा दिला आणि तसेच दाखवले. त्याच्या कळ्या जास्त बऱ्या आल्या.

उरलेल्या उकडीची मी चिमणी केली. चोच आणि शेपूट जमेपर्यंत दोनदा मोडली. ती मुलगी आज कुठे असेल, मला ठाऊक नाही. तिची चिमणी माझ्याहून सुबक होती एवढे मात्र पक्के आठवते. मग चाळणीत हळदीचे पान घालून आम्ही सगळे वाफवले आणि तुपाबरोबर खाल्ले. मिठाचा राक्षस पुण्याला डब्यात गेला. माघ महिन्यात सुनेचा फोन आला, की तो अजून मऊ आहे आणि टाकावा कुठे ते कळत नाही.